चिंचेनं घासलेला ताम्रपट

सर,

विद्यापीठानं मला तुमच्यावर दोन पानं लिहायला सांगितली आहेत. यंदाच्या उन्हाळी शिबिराच्या समारोपाला संग्रहालयाच्या मोठ्या दालनाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. त्या निमित्तानं एक छोटी पुस्तिका निघतेय, आणि तुमची विद्यार्थिनी, शिवाय आता संग्रहालय सांभाळणारी, म्हणून पहिला लेख माझा. गेले चार दिवस मी लिहितेय आणि फाडतेय. पहिल्या दिवशी 'ऋषितुल्य' लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी 'शिस्तप्रिय' लिहिलं. काल 'हाडाचे शिक्षक' असं लिहिलं. ते खरं आहे, आणि ते खरं आहे याचाच जास्त राग आला. आज दुपारी कुलर लावून, दार लोटून बसले आणि म्हटलं, त्यांची दोन पानं गेली उडत, आधी तुमच्याशी बोलते. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा बोलायची माझी हिंमत नव्हती, निदान मी तसं म्हणत आले.

झालं असं. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मुलांना 'वस्तूला हात का लावायचा नाही' हे शिकवायचं असतं. वेळापत्रक तुम्हीच आखलेलं, मी त्यात फार ढवळाढवळ केलेली नाही. आठवी-नववीची तीस मुलं, बारा दिवस, प्रत्येकाला एक वस्तू. आणि तिसऱ्या दिवशी तुमची ती गोष्ट. तुम्ही किती रंगवून सांगायचात! एक अडाणी बाई होती. संग्रहालयात झाडूपोछा करायची. तिनं एक दिवस बघितलं, अरेच्चा, हा तांब्याचा पत्रा तर हिरवागार झालाय! मग तिनं काय केलं असेल मुलांनो? इथं तुम्ही थांबायचात. मुलं ओरडायची, फेकून दिला! भंगारात घातला! तुम्ही मान हलवायचात, पदर खोचल्याची नक्कल करायचात, खाली बसायचात आणि हवेतच खसाखसा घासायला लागायचात. चिंच लावून! वर राख! दीड हजार वर्षांचा ताम्रपट, आणि बाईसाहेबांनी त्याची परात करून टाकली! सगळं दालन हसायचं. मी पदर खोचत नाही, खाली बसत नाही, 'अडाणी' म्हणत नाही, 'एक बाई' म्हणते. पण गोष्ट मीही दरवर्षी सांगत आले, आणि मुलं दरवर्षी हसत आली.

यंदा आष्टीहून आलेली एक मुलगी आहे, नववीत जाणार. इथं मामाकडे राहून शिबिराला येते. सगळी हसत होती तेव्हा ती तेवढी हसली नाही. तिनं हात वर केला आणि विचारलं, "पण मॅडम, तिले साफ कराले सांगतलं कोनं होतं?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता हो सर. कुलगुरूंनी विचारला नाही, दरवर्षी तपासणीला येणाऱ्या साहेबांनी विचारला नाही, तुमच्या शेकडो विद्यार्थ्यांनी विचारला नाही. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, "कुणी नाही. तिनं आपल्या मनानं केलं." पोरीनं वहीत लिहून घेतलं. मी तिथंच उभी राहिले, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्यावर. तुमचं खोटं माझ्या तोंडून इतकं सहज बाहेर पडलं होतं. ती बाई माझी आई होती, हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या दालनात तिसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

आता नीट पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही ते कधी पहिल्यापासून सांगितलं नाहीत.

बाबा गेल्यावर आई मला घेऊन नाचणगावहून वर्ध्याला आली. सिंदी मेघेत एक खोली होती आणि संग्रहालयात आईचं रोजंदारीचं काम. सकाळी फरशी, काचा, ओसरी, दुपारी माठ भरणं, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणं. मी नगरपालिकेच्या शाळेत आठवीत. तुम्ही त्या वर्षी पहिल्यांदाच शिबिराची टूम काढलीत, आणि सगळ्या शाळांना चिठ्ठी पाठवलीत की, घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर दहा ओळी लिहून पाठवा, त्यातून मुलं निवडू. मी आमच्या घरच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावर लिहिलं. त्याचं एक शिंग बाबांनी माझ्या पडलेल्या दाताचं बसवलंय असं लिहिलं होतं, जे साफ खोटं होतं. तुम्हाला ते आवडलं. निवडलेल्या तीस जणांत आमच्या शाळेतून मी एकटी. फॉर्मवर आईचा अंगठा नव्हता, सही होती. तो फॉर्म तिनं स्वतः तुमच्या टेबलावर आणून ठेवला होता, फडकं काखेत धरून. तेव्हा मी कुणाची मुलगी हे तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पहिल्या दिवशी निघताना आई म्हणाली, "हे पाय, तिथं मले आई म्हनू नोको. हाक बी मारू नोको. तू तिथं शिकाले चालली, मी कामाले चालली." मी हो म्हटलं, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! बाकीची मुलं मास्तरांची, कारकुनांची, बँकवाल्यांची. डब्यात पराठे, पायात सॅन्डल. आई माठ भरायला आली की मी वहीत डोकं घालायची. दहा दिवस आम्ही एका छताखाली एकमेकींना अनोळखी होतो आणि संध्याकाळी एकाच सायकलवर घरी जायचो, चौक ओलांडल्यावर.

तुम्ही शिकवायचात मात्र फार छान. हे मी दातओठ खाऊन लिहितेय. वस्तूची पाटी वाचायची नाही, आधी तिच्यासमोर पंधरा मिनिटं गप्प बसायचं आणि दहा प्रश्न लिहायचे, ही तुमची पद्धत. माझ्या वाट्याला ताम्रपट आला होता, तळहाताहून थोडा मोठा तांब्याचा पत्रा. कुण्या जुन्या राजानं कुणाला शेत दान दिलं त्याची त्यावर कोरलेली अक्षरं, आणि त्यावर हिरवा थर. मी पहिलाच प्रश्न लिहिला, "मले कळत नाही की हिरवं काऊन आहे?" तुम्ही लाल शाईनं 'मले' खोडून 'मला' केलंत, 'काऊन' खोडून 'का' केलंत, आणि मग खाली लिहिलंत, "उत्तम प्रश्न." माझ्या आख्ख्या आयुष्यात त्या दोन शब्दांइतकं कशानं मला उचलून धरलेलं नाही. हेही तुमचंच देणं. म्हणूनच म्हणते, तुम्ही वाईट माणूस असतात तर किती सोपं झालं असतं. मी तुमचा फोटो उतरवून कपाटामागे ठेवला असता आणि मोकळी झाले असते.

अकराव्या दिवशी दुपारी तुम्ही पार गडबडून गेला होतात. दुसऱ्या दिवशी समारोप, कुलगुरू येणार, मुलांनी लिहिलेल्या पाट्या वस्तूंशेजारी मांडायच्या. मी तुमच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसून माझी पाटी सुवाच्य अक्षरात उतरवत होते. पाच ओळींची पाटी. तिसरी ओळ होती, "याच्यावर हिरवा थर आहे, तो म्हणजे याचं वय आहे." आई फडकं घेऊन आली. तुम्ही कार्यक्रमपत्रिकेतले शब्द तपासत होतात. मान वर न करता तुम्ही किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून पुढे सरकवलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी सगळं लख्ख झालं पाहिजे. एकही वस्तू कळकट दिसता कामा नये."

आईनं जुडगा उचलला. जरा घुटमळली. मग विचारलं, "साहेब, थे तांब्याचं बी का?"

तुम्ही म्हणालात, "सगळं म्हणजे सगळं."

विचारलं होतं तिनं! आपल्या मनानं नाही केलं. ती अडाणी नव्हती, तिला शंका आली होती, तिनं विचारलं होतं, आणि तुम्ही तिच्याकडे बघायचेही कष्ट घेतले नाहीत. आणि काय चूक केली हो तिनं? आमच्याकडे तांब्याचं भांडं काळं ठेवणं म्हणजे बाईच्या हातात रया नाही असा अर्थ. दर गुरुवारी ती घरचा गडवा चिंचेनं घासायची, त्यात तोंड दिसेपर्यंत. कुलगुरू येणार, साहेबांनी विश्वासानं किल्ल्या दिल्या, मग तिनं घरची चिंच भिजवून डब्यात आणली, चुलीतली राख पुडीत बांधून आणली, आणि सकाळी सहा वाजता येऊन संग्रहालयाच्या नळाखाली तुमचा ताम्रपट घासला. आपल्या देवाचं भांडं घासावं तसा घासला. पुसून, कोरडा करून, जसा होता तसा काचेत ठेवला आणि कुलूप लावलं.

साडेआठला आम्ही मुलं आत आलो. तुम्ही काचेसमोर उभे होतात. आत ताम्रपट नव्या परातीसारखा चमकत होता आणि शेजारी माझी पाटी, याच्यावर हिरवा थर आहे. आई दाराशी उभी, हात पदराला पुसत. शाबासकीची वाट बघत होती ती, हे मी ओळखलं, कारण घरी तिचा तो चेहरा मी रोज बघायची. "कसं झालं साहेब?" तिनं विचारलं.

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मी सगळं लिहिणार नाही. अडाणी हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. तीस मुलांसमोर. ओरडायचा तुम्हाला हक्क होता, तुमची वस्तू बिघडली होती, मीही आज ओरडेन. पण मग तुम्ही विचारलंत, "तुला कोणी सांगितलं हे करायला?" आणि ती म्हणाली, "तुमीच तं म्हनलं साहेब, सगळं म्हनजे सगळं." तेव्हा तुमचा चेहरा बदलला. मी बघितला. तुम्हाला आठवलं, सर. तुम्हाला त्या क्षणी लख्ख आठवलं. आणि तुम्ही म्हणालात, "मी? मी सांगितलं? काहीही काय!"

आणि मग तुम्ही माझ्याकडे वळलात. तीस मुलांतून माझ्याकडेच. "तू होतीस ना काल तिथं? मी असं काही सांगितलं होतं का?"

तेरा वर्षांच्या मुलीला तुम्ही आई आणि तुम्ही यांच्यात उभं केलंत. तुम्हाला माहीत होतं ती कोणाची मुलगी आहे. तुम्हाला हेही माहीत होतं की ती काय उत्तर देईल. दहा दिवसांत तुम्ही मला तेवढं ओळखलं होतंत. याचा मला संताप येतो, अजूनही येतो, भाजी चिरताना येतो, वर्गात येतो. साक्षीदार म्हणून दुसरं कुणी नव्हतं, कबूल. पण मग विचारायचंच कशाला होतं?

मी म्हटलं, "मी पाटी लिहीत होते सर. माझं लक्ष नव्हतं." शुद्ध मराठीत म्हटलं. 'माहं' नाही, 'माझं'.

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग तुमच्याकडे बघून म्हणाली, "तिचं लक्ष नसन साहेब. माहंच चुकलं. म्याच उलटं समजली." किल्ल्यांचा जुडगा तिनं तुमच्या हातात नाही, काचेवर ठेवला, आणि जाताना काचेवर उमटलेला बोटांचा ठसा पदरानं पुसून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर नव्हती. तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, "तिसरी ओळ खोड." मी खोडली. अकरा वाजता कुलगुरू आले, ताम्रपटासमोर थांबले आणि म्हणाले, "वा! काय सुंदर ठेवलंय!" तुम्ही हात जोडलेत. आणि दुपारी उत्तम पाटीचं पहिलं बक्षीस मला मिळालं. पितळी कड असलेलं, लाकडी मुठीचं भिंग.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "दाखव वं, काय भेटलं?" मी भिंग दिलं. ती डाळ निवडत होती. तिनं ते डाळीवर धरलं आणि दचकून मागं सरली. "अरे बाप्पा! डायीत तं जनावरंच जनावरं हायेत!" आणि हसायला लागली. सकाळी जिचं काम गेलं ती बाई सुपात भिंग धरून हसत होती. नंतर ती वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटायला जायला लागली, गुडघे जाईपर्यंत. संग्रहालयाचं नाव तिनं घरात पुन्हा काढलं नाही.

घाबरलात, हे मी समजू शकते. चौकशी झाली असती, तुमची नोकरी गेली असती, शिबिर बंद पडलं असतं, आणि मग माझंही काही झालं नसतं. एक खोटं माणूस भीतीनं बोलतो, त्याला मी माफ करेनही. पण पुढं दरवर्षी ती गोष्ट सांगायची काय गरज होती? कुणी मागितली होती? तुम्ही तिला गोष्टीत घातलंत, तिचा पदर खोचलात, तिची नक्कल केलीत, आणि मी पुढच्या रांगेत बसलेली असायची. आधी शिबिरातली मोठी ताई म्हणून, मग एम.ए.ची विद्यार्थिनी म्हणून, मग तुमची सहायक म्हणून. पहिल्या वर्षी मी खाली बघितलं. दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे बघितलं. तिसऱ्या वर्षी मी बरोबर जागेवर हसले, सर. तुम्ही ते पाहिलंत आणि तुमचे खांदे सैल झाले. इतकी वर्षं सांगून सांगून तुम्हाला स्वतःलाच ती गोष्ट खरी वाटायला लागली असेल, पण माझ्या त्या हसण्यानं तिच्यावर शिक्का बसला.

हे सगळं मी आजवर गिळत आले होते, आणि पुढंही गिळलं असतं. पण त्या आष्टीच्या पोरीच्या प्रश्नानंतर मी ताम्रपटाची फाईल काढली. पुस्तिकेसाठी तुमचे फोटो हवे होते, हे निमित्त. फायलीत तुमच्या हातचं एक टिपण सापडलं, पहिल्या शिबिराच्या आदल्या वर्षीचं. "पहिल्या सहा ओळी स्पष्ट. सातवी व आठवी ओळ थराखाली, वाचता येत नाही." त्याच्या खाली तुमचा तो गाजलेला लेख. ज्यासाठी तुम्हाला शाल-श्रीफळ मिळालं, ज्याच्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव दीड हजार वर्षं मागं गेलं, ज्याच्या जोरावर आता दालनाला तुमचं नाव लागतंय. ते गावाचं नाव कुठल्या ओळीत आहे? सातव्या! आणि शेताच्या सीमा आठव्या! तुम्ही लेखात लिहिलंय, "पत्रा साफ झाल्यावर असे दिसून आले की." साफ झाल्यावर! आपोआप झाला काय हो? पावसानं धुतला? राखेनं खालच्या कोपऱ्यातली चार अक्षरं पुसट झाली हे खरं, मी काही आईची वकील नाही. पण दोन ओळी तिच्या चिंचेनं उघडल्या. तुम्ही त्या वाचल्यात, छापल्यात, त्यावर शाल घेतलीत, आणि त्याच वर्षीच्या शिबिरात पदर खोचून खाली बसलात. थू! एवढं लिहिते आणि पुढं जाते, कारण पेन कागदातून आरपार गेलंय.

रविवारी मी आईला संग्रहालयात घेऊन गेले. सुट्टी होती, कुणी नव्हतं. पस्तीस वर्षांनी आली ती. दाराशी चपला काढल्या. मी म्हटलं, "राहू दे वं, इथं कोनी काढत नाई." ती म्हणाली, "माह्या हातची फरशी हाय." काठी टेकत काचेपाशी गेली, वाकून बघितलं. ताम्रपट आता पुन्हा काळपट तपकिरी झालाय. "अवं माय! किती काया पडला! कोनी घासत नाई का याले?" मला हसू आलं आणि मग आवरेना, रडायला आलं. मी तिला सगळं सांगितलं. टिपण, लेख, सातवी ओळ. "आई, तू घासलं म्हनून त्याले वाचता आलं."

"मंग बरं झालं ना," ती म्हणाली. "कामी आलं."

"बरं काय झालं? तुले काढलं त्यानं! जिंदगीभर हसला तो तुह्यावर!"

"मले काढलं. तुले तं ठेवलं ना?" आणि म्हणाली, "तू काऊन एवढी तडपून राह्यली? त्याच्यावर चिडली का आपल्यावर?"

मी डोळे पुसले. मग ती काचेकडेच बघत म्हणाली, "तुले ऐकू आलतं तवा. मले माहीत हाय. तो सगळं म्हनजे सगळं म्हनला, अन् तुनं मान वर करून पाह्यलंतं."

पस्तीस वर्षं तिला माहीत होतं, सर. "मंग कधी बोलली काऊन नाई मले?" मी विचारलं.

"काय बोलू? तेरा वर्साची पोट्टी. भेली असशीन."

मी म्हटलं, "हव आई. भेलीच होती." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही ऑटोनं घरी आलो.

आज सकाळी ताम्रपटाची पाटी मी बदलली आहे. त्यावर आईचं पूर्ण नाव आहे, तिनं तो संग्रहालयप्रमुखांच्या सांगण्यावरून साफ केला असं आहे, आणि सातवी-आठवी ओळ त्यामुळे वाचता आली असं आहे. पुस्तिकेतली दोन पानं मी याच्यावरच लिहिणार आहे. छापली तर छापली, नाही तर दालनाला दुसऱ्या कुणाकडून हार घालून घेतील. उद्या वर्गात ती गोष्ट मी नव्यानं सांगणार, आणि ती बाई माझी आई होती हे पहिल्याच वाक्यात सांगणार. आष्टीची ती मुलगी विचारेल, मॅडम, तुम्हाला कसं माहीत? मी म्हणेन, मी तिथंच होते. मग ती हमखास पुढचं विचारेल, मग तुम्ही तेव्हा काय म्हणालात? मी सांगेन की मी खोटं बोलले, घाबरले होते. मुलांना ते पटतं. आईलाही पटलं.

हे पत्र फायलीत ठेवावं असं आधी वाटलं होतं, तुमच्या टिपणाला टाचून. पण फाईल कुणीही मागू शकतं, म्हणून मी ते घरी नेतेय.

कारण घाबरले नव्हते मी, सर. तुम्ही मला विचारलंत तेव्हा पहिल्या बक्षिसाचं ते भिंग तुमच्या खोलीत टेबलावर उघड्या डबीत होतं, दारातून दिसत होतं. मी तुमच्याकडे बघत नव्हते, आईकडेही बघत नव्हते. मी त्याच्याकडे बघत होते.